मागच्या दाराचं कुलूप

४ जून

टकळे,

पोचले एकदाची. पत्राला आठ दिवस लागले म्हणून तोंड फुगवून बसू नकोस. फोन इथे गेटवर जमा करतात. आतल्या यंत्रांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून, म्हणे. रविवारी तासभर हातात देतात, पण बोलायचं गेटच्या बाकावर बसून, वॉचमनच्या नाकासमोर. आता त्याच्या देखत मी भाचीशी काय बोलणार, हवापाणी? म्हणून हा कागद.

कारखाना कसला, हे तू निघताना तीनदा विचारलंस आणि मी तीनदा टाळलं, कारण मलाच नीट ठाऊक नव्हतं. ऐक तर खरं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या की इथे येतात. पुढच्या इमारतीत त्या उघडतात. तिथे काचेच्या भिंती, गार हवा, शिकलेली पोरं, सगळी कायम नोकरीची. आतून निघतात ते सेल, वहीएवढ्या चपट्या चंदेरी पिशव्या. ते आमच्याकडे येतात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही अकरा बायका, सगळ्या कंत्राटी. सेलला मीटर लावायचा. धुगधुगी असेल तो उजवीकडे, मेलेला डावीकडे, फुगलेला वाळूच्या पिंपात. मी म्हटलं, आपण बॅटऱ्यांच्या नर्सबाया. सगळ्या हसल्या. बसून काम आहे, उन्हात वणवण नाही.

सगळं हिरवंगार आहे बघ. गेट हिरवं, ॲप्रन हिरवा, भिंतीवर हे एवढं पान रंगवलंय आणि खाली लिहिलंय, ‘पृथ्वीसाठी काम’. पत्रा तापला की आम्ही तेवढ्या लाल होतो.

राहायला आवारातच खोली, आठ जणींची. शेजारच्या खाटेवरची दहावी शिकलेली आहे, सगळ्यांचे कागद वाचून दाखवते, म्हणून तिला मास्तरीण म्हणतात. तिचं माझं जमलंय.

अक्षर वाकडं आलंय ते गुडघ्यावर कागद धरल्यामुळे. दुसरं काही मनात आणू नकोस. तुझ्या नोकरीचं काय ते कळव.

तुझी मावशी


१३ जून

मावशी,

लागली नोकरी! समाजाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर. सध्या त्यांचा अभ्यास कशावर आहे माहितेय? हिरव्या कामांवर. म्हणजे सौर पट्ट्या पुसणारे, कचरा वेगळा करणारे, तुमच्यासारखे बॅटऱ्यावाले. पृथ्वी वाचवायच्या या सगळ्या धंद्यात कोणाच्या वाट्याला काय येतं, कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला खोकला, हे शोधायचं. संस्थेची माणसं जाऊन कामगारांशी बोलतात, बोलणं रेकॉर्ड करतात, आणि मी कानात यंत्र घालून ते शब्दन्‌शब्द टाइप करते. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद.

लहानपणी अखंड बडबडायचे म्हणून तू माझं नाव टकळी ठेवलंस. आता बघ, दिवसभर तोंड बंद आणि कान उघडे. पगार मिनिटांवर आहे, म्हणजे असमानतेच्या अभ्यासात मीही एक नमुना झाले, पण माझी मुलाखत कोणी घेत नाही.

नियम मात्र कडक. बोलणाऱ्याचं नाव कुठेच नाही, नुसता नंबर. ओळख पटेल असं काही आलं की गाळायचं. आणि ऐकलेलं घरीदारी कुठेच सांगायचं नाही, सही घेतलीय. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, त्या माणसांनी पोटावर पाय येईल हे माहीत असून तोंड उघडलंय, तेव्हा आपलं तोंड बंद हवं.

तुमच्याकडे आमचं कोणी आलं होतं का गं? आलं तर बोल हो त्यांच्याशी. तुझ्यासारखं सांगायला कोणाला जमणार आहे!

तुझी टकळी


२७ जून

टकळे,

नोकरीचं वाचून मास्तरणीने तुझं पत्र शेडमध्ये सगळ्यांना ऐकवलं. मी कॉलर ताठ करून बसले होते, ॲप्रनला कॉलर नसली तरी.

आमच्याकडे कोणी आलं नाही. कोण येणार इथे? आणि आलं तरी आम्ही काय बोलणार, आमचं सगळं ठीक आहे. पुन्हा विचारू नकोस.

बातमी म्हणशील तर, गेल्या गुरुवारी एक सेल रुसला. हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज, पांढरा धूर, मग हातभर ज्वाळ. वाळू टाकली, विझला. काडेपेटी पेटावी तेवढंच. धुराला गोडसर वास येतो, तुझ्या नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. बाजूच्या बाईला घेरी आली, ती गावी गेली. तिच्या जागी एक नवी मुलगी आलीय, फार भित्री, आवाज झाला की माझा पदर धरते.

तू वेळेवर जेवतेस ना? कानातलं यंत्र मोठ्याने लावू नकोस, बहिरी होशील.

तुझी मावशी


११ जुलै

मावशी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय.

मी तुला काही सांगू शकत नाही, तो नियम तुला कळवलाच आहे. म्हणून सांगत नाही, नुसतं विचारते. तुझ्या शेडला मागचं दार आहे का? त्याला आतून कुलूप असतं का? किल्ली मॅनेजरच्या खिशात असते आणि तो एक वाजता जेवायला बाहेर जातो, हे खरं का? तुझा उजवा हात कधीपासून थरथरतो? पहिल्या पत्रातलं वाकडं अक्षर खरंच गुडघ्यामुळे होतं?

गुरुवारची आग काडेपेटीएवढी होती, की अकरा बायका पुढच्या दारात एकमेकींवर पडल्या होत्या?

मला भीती वाटते मावशी. दुपारपासून पेडलवर पाय ठेवून बसलेय, दाबवत नाही. उलट टपाली लिही. हो किंवा नाही, एवढंच लिही.

टकळी


१९ जुलै

टकळे,

हे पत्र गेटवर दिलेलं नाही. सेल घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती दिलंय, तो शहरात पेटीत टाकेल. यापुढे मला गेटच्या पत्त्यावर एक अक्षर लिहायचं नाही. बसथांब्याजवळ चहाचं दुकान आहे, ते चालवणाऱ्या बाईच्या नावे लिही. पत्ता पाठीमागे आहे.

तुझं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा पाकिटाचा डिंक ओला होता.

कळलं का काय झालं ते? कोणीतरी उघडलं, वाचलं आणि चिकटवून दिलं. दार, कुलूप, किल्ली, एक वाजता, माझा हात. सगळं तुझ्या सुवाच्य अक्षरात.

आता लपवून काय करू. ऐक तर खरं. जून महिन्यात त्या दोघी आल्या होत्या, तुझ्याच संस्थेच्या असणार. गेटवर त्यांना पुढची इमारत दाखवली, चहा पाजला, परत पाठवलं. त्या बसथांब्यावर थांबल्या. रविवारी साबण आणायला म्हणून मी गेले आणि त्यांच्याजवळ बसले. तासभर बोलले. नाव लागणार नाही म्हणाल्या, म्हणून बोलले. तुझ्यापासून लपवलं, कारण तुला कळलं असतं तर तू तिथे जेवली नसतीस, झोपली नसतीस. तू आईविना वाढलीस, तुला आणखी काळजी कशाला?

पंधरा दिवस झाले, मॅनेजर एकेकीला बोलावून विचारतोय, बसथांब्यावर कोण बसलं होतं. कोणी काही सांगितलं नाही. मला वाटलं, सुटले. आणि मग तुझं पत्र आलं.

तुझ्यावर रागावले नाही. पण कालपासून मॅनेजर माझ्याकडे बघून हसतो. आजवर कधी हसला नव्हता.

मावशी


२३ जुलै

मावशी,

मी काय केलं गं हे. नियम पाळला असता, तोंड मिटून टाइप केलं असतं, तर तुला काही झालं नसतं.

आता सांगते. मुलाखत नंबर सतरा. पहिलंच वाक्य आलं, “ऐका तर खरं, बाई.” माझा पाय पेडलवरून घसरला. आमच्या खोलीत सात जण टाइप करतात, सगळे आपापल्या कानात. मी तोंडावर हात ठेवून बसले. त्यांनी विचारलं, आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते शिकवलंय का? आणि तू म्हणालीस, “शिकवलंय की. भिंतीवर चित्र आहे. हिरवा माणूस पळतोय. तो ज्या दाराकडे पळतोय, त्याला हे एवढं कुलूप. सेल चोरीला जातात म्हणून.” त्या म्हणाल्या, मग दारापाशी पोचल्यावर तो काय करतो? तू म्हणालीस, “ते चित्रात नाही.”

आणि तू हसलीस. त्या हसण्यानेच मी घाबरले. आई गेली त्या आठवड्यात तू तशी हसायचीस.

मी मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, दोन वाटा आहेत. अहवालाचा कच्चा मसुदा छापण्याआधी कारखान्याला दाखवावा लागतो. त्यातून दार, कुलूप, हात, सगळं गाळलं तर तुझी मावशी झाकली जाईल, पण कुलूप तिथेच राहील. ठेवलं तर कुलूप दिसेल, आणि तीही दिसेल. ठरवायचा हक्क तिचा, माझा नाही, तुझाही नाही.

मावशी, मला विचारशील तर गाळू दे. आणि तू निघून ये. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून पाहिलंय.

टकळी


१ ऑगस्ट

टकळे,

तुझं पत्र चहावालीने साखरेच्या डब्यामागे ठेवलं होतं. ती भली बाई आहे.

मॅनेजरने बोलावलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्ची दिली. आजवर त्या खोलीत मी कधी बसले नव्हते. म्हणाला, “भाची छान लिहिते हो तुमची. शिकवलीत चांगली.” मग म्हणाला, “हात थरथरतो तर मीटरचं नाजूक काम कशाला? तुम्हाला हलकं काम देतो.”

हलकं काम म्हणजे फुगलेल्या सेलची खोली. शेडच्या मागच्या टोकाला पत्र्याचं खोपटं आहे, त्या दाराच्या अगदी शेजारी. फुगलेले सेल आता पिंपात मावत नाहीत, ते फळ्यांवर मांडून ठेवतात आणि मी एकटीने दर तासाला हात लावून बघायचं, कुठला गरम झालाय. बोटांनी. तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसं. बाकीच्यांशी बोलायचं नाही, असंही सांगितलंय. दिवसभर मी, ते सेल आणि समोर कुलूप.

मला भीती वाटते. हे वाक्य मी तुला आजवर कधी लिहिलं नव्हतं. सकाळी त्या खोपटात जाण्याआधी दारातूनच कान लावून ऐकते. कुठे पत्रा तडकला तरी दचकते. मास्तरीण म्हणते, तुम्ही बसल्याबसल्या पुटपुटता. काय पुटपुटते ते माझं मलाच ठाऊक नाही.

निघून ये म्हणतेस. आले असते गं. पण मी गेले तर या खोपटात त्या नव्या मुलीला बसवतील, मॅनेजरने तसं बोलूनच दाखवलंय. ती तर फुस्स ऐकलं की जागीच थिजते. माय मरो आणि मावशी जगो, म्हणतात ना? मी जगले. आता जगलेय ती नुसती स्वतःला जपायला का?

गाळू नकोस. बाईंना सांग, सतरा नंबर म्हणते, एक अक्षर गाळायचं नाही. आणि मसुदा कारखान्याला दाखवायच्या आधी, जो कोणी दारं तपासणारा साहेब असेल, त्याला दाखवा. लवकर. ऊन फार आहे, रोज दोन-तीन सेल गरम लागतात.

मावशी


८ ऑगस्ट

मावशी,

बाई स्वतः कारखाना निरीक्षकाकडे गेल्या. तीन तास बाकावर बसवलं, पण भेटला. कागद वाचला. तो १८ तारखेला, मंगळवारी येणार आहे.

पण मावशी, तो आधी नोटीस धाडतो. तसा नियमच आहे म्हणे. बाई त्याला म्हणाल्या, अहो, कळवून गेलात तर कुलूप दिसेल का? तो म्हणाला, “न कळवता गेलो तर मला गेटच उघडणार नाहीत.” म्हणजे मंगळवारी दार उघडं असेल आणि बुधवारी पुन्हा बंद. आणि नोटीस आली की कोणामुळे आली हे त्यांना लगेच कळेल.

आता तरी ये. मंगळवारच्या आधी ये. तुझ्या पाया पडते.

टकळी


१९ ऑगस्ट

टकळे,

हे वाचून लगेच जाळ. मास्तरणीलासुद्धा माहीत नाही.

काल निरीक्षक आला. सकाळी आठलाच मॅनेजरने कुलूप काढलं, दारासमोर दोन कुंड्या मांडल्या. आम्हाला नवे मास्क दिले, खरे, पुढच्या इमारतीतल्यांना असतात तसले. वॉचमनला म्हणाला, “हे धर.” ते कुलूप अर्धा किलोचं, त्याच्या खिशात मावेना, म्हणून त्याने हात धुवायच्या नळाजवळच्या फळीवर ठेवलं.

निरीक्षकाने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कागदावर लिहिलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “इथे कुलूप असतं का हो?” माझ्या मागे मॅनेजर उभा. त्याचा श्वास मानेला लागत होता. मी म्हणाले, “नाही साहेब.”

हो, मीच म्हणाले. तोंडातून तेच निघालं. सतरा नंबर तासभर बोलली आणि मला एक वाक्य सरळ बोलता आलं नाही.

मग सगळे त्याला पोचवायला गेटपर्यंत गेले. मी नळावर हात धुवायला गेले. कुलूप तिथेच होतं. मी काही ठरवलं नव्हतं. हात लांब झाला, कुलूप ॲप्रनखाली आलं, पाय संडासाकडे वळले. खड्ड्यात टाकलं. असा आवाज झाला की मला वाटलं, पुढच्या इमारतीत ऐकू गेला.

परत येऊन खोपटात बसले तर हात थरथरत नव्हता. नंतर सुरू झाला, आणि मग थांबेना.

तेव्हापासून कुलूप शोधताहेत. आमच्या पेट्या उचकल्या, गाद्या उसवल्या. मजा अशी की नवं मागवायचं तर पुढच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो, आणि आताच तर निरीक्षकाच्या कागदावर सही झालीय की तिथे कुलूप नसतंच. मग मागायचं कोणत्या तोंडाने? मॅनेजर म्हणालाय, सोमवारी शहरात जाऊन स्वतःच आणतो. तोवर दारासमोर सेलचे खोके रचून ठेवलेत. खोके हलवता येतात, टकळे. कुलूप हलवता येत नाही.

मागे एक बाई सेल चोरताना सापडली, तर तिला कामावरून काढून पोलिसात दिलं होतं. हे विसरले नाहीये मी. जाळ हे पत्र.

मावशी


२३ ऑगस्ट, चहाच्या दुकानातून

मावशी,

सकाळी बातमीत कळलं, काल दुपारी शेड जळालं. पहिल्या गाडीने आले. गेटवर कोणी काही सांगत नाही. नावं विचारली तर म्हणतात, कंत्राटी बायकांची यादी आमच्याकडे नसते. अजून पांढरा धूर येतोय, मध्येच फटाफट फुटल्याचे आवाज येतात.

चहावाली म्हणते, काही बायकांना गाडीत घालून नेलं. कुठे, ते तिला माहीत नाही. ही चिठ्ठी तिच्याकडे ठेवून मी एकेक दवाखाना पालथा घालायला निघतेय. तू आलीस, किंवा तुझं कोणी आलं, तर इथेच थांबा. हलू नका. मी दर दोन तासांनी परत येते.

टकळी


२३ ऑगस्ट

ताई,

मी मास्तरीण. तुमची चिठ्ठी चहावालीने दिली. थांबायला सांगितलंय तुम्ही, पण मला परत आत बोलावलंय, म्हणून मागच्या बाजूलाच लिहिते.

मावशी जिवंत आहेत. नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात, दुसरा मजला. दोन्ही हात भाजलेत. आम्ही अकराही जणी बाहेर आलो.

आग शेडच्या मधोमध लागली, पुढचं दार धुरापलीकडे गेलं. आम्ही सगळ्या खाली पडून खोकत होतो. मावशींनी मागच्या दाराचे खोके ओढले. एक खोका पेटलेला होता, तोही हातानेच ओढला. मग “इकडे, इकडे” असं ओरडत राहिल्या. काही दिसत नव्हतं, त्यांच्या आवाजावर आम्ही सरपटत गेलो. नव्या मुलीला त्यांनी केसांना धरून बाहेर खेचलं.

त्या दाराचं कुलूप कुठे गेलं, हे आम्हाला कोणाला अजून कळलेलं नाही. देवाची करणी म्हणतात सगळ्या.

मास्तरीण


६ सप्टेंबर

मावशी,

तुला सोडून कामावर परतले खरी, पण लक्ष सगळं दुसऱ्या मजल्यावर. नव्या मुलीच्या छातीतला धूर निघाला का? तू सांगशील आणि मास्तरीणबाई लिहितील, म्हणून विचारते.

बातमी वाईट आहे. कारखान्याने जाहीर केलंय की मागचं दार नेहमीच उघडं असे, अकरा बायका सुखरूप निघाल्या हाच पुरावा. वर निरीक्षकाचा कागद, आगीच्या चार दिवस आधीचा. आणि त्यात लिहिलंय की खुद्द कामगार स्त्रीने कुलूप नसल्याचं सांगितलं. आता संस्थेला पत्र आलंय, मुलाखत सतरा खोटी आहे, ती काढा आणि माफी मागा. शेड महिनाभरात पुन्हा बांधणार आहेत, तसंच, त्याच जागी. भरतीची पाटी लागलीसुद्धा.

बाई हटत नाहीत, पण विचारतात, कुलूप होतं याचा काही तरी पुरावा आहे का? मी कागद लावत बसले. तुझं ते पत्र मी जाळलं, मावशी. तू म्हणालीस म्हणून वाचलं आणि तिथल्या तिथे जाळलं. आता मी कोणाला काय दाखवू?

आगीच्या सरकारी चौकशीत बोलू नकोस. तू कुलूप चोरलंस हे कळलं तर आगीचं खापर तुझ्यावरच फोडतील. बाईंना मी काही सांगणार नाही. तू सुटलीस, तेवढं पुरे.

टकळी


१० सप्टेंबर

टकळे,

मी सांगतेय आणि मास्तरीण लिहितेय. आता तिला सगळं कळलंय, कुलपाचंही. तिने मध्येच पेन खाली ठेवलं होतं, मग पुन्हा उचललं.

मुलीच्या छातीत अजून घरघर आहे. माझ्या हातांची कातडी येतेय. डॉक्टर म्हणाला, उजवा हात थरथरतो तो भाजल्यामुळे नाही, आधीपासूनचा आहे. मी म्हटलं, हे कागदावर लिहून द्या, मुलाखतीत हाताचं सांगितलं ते तरी खरं ठरेल. त्याने दिलं.

आता ऐक तर खरं. चौकशी सोमवारी आहे. मी गेले दोन दिवस छताकडे बघत विचार करतेय. कुलूप होतं, याला पुरावा एकच, मी ते चोरलं. खड्ड्यात आहे. शेड जळालं तरी संडास उभे आहेत. मी सांगणार, उपसा. निघेल. त्यावर कारखान्याचा नंबर कोरलेला आहे, मी बोटांनी चाचपला होता. मॅनेजरची किल्ली त्यालाच लागेल, जगात दुसऱ्या कशाला लागणार नाही.

चोर म्हणतील. म्हणू देत. निरीक्षकासमोर खोटं का बोललीस, असं विचारतील. तेही सांगेन, की मागे मॅनेजर उभा होता. तो सोमवारीही असेलच, पहिल्याच रांगेत. त्याचा विचार आला की इथे खाटेवर पडल्यापडल्या मला दरदरून घाम फुटतो. नर्स ताप बघून जाते, ताप नसतो.

सुटलीस तेवढं पुरे, असं लिहू नकोस. भरतीची पाटी लागलीय म्हणतेस ना? मग त्या पाटीखाली आज कोणी तरी रांगेत उभी असेल.

बाईंना सगळं सांग. सतरा नंबर आता नको म्हणावं, माझं नाव लिहा, बापाच्या नावासकट. तू आलीस तर बाहेर पायऱ्यांवर थांब. आत येऊ नकोस. तुझा चेहरा दिसला की मी तुला जपायला बघेन, आणि पुन्हा “नाही साहेब” म्हणून मोकळी होईन.

तुझी मावशी

ताई, हे खालचं माझं. मावशींना वाचून दाखवलेलं नाही. किल्ली कुठल्या खिशात असे आणि कुलूप रोज किती वाजता लागे, हे मीही दोन वर्षं पाहिलंय. मला दोन मुलं आहेत आणि मला फार भीती वाटते. पण सोमवारी त्यांच्या मागे मी उभी राहीन. तिथे दुसरं कोणी उभं राहू नये म्हणून.

मास्तरीण